‘चला’ कुणी म्हणायचं?

मराठीत या आजाराला नावं भरपूर. लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू. खेड्यात ‘अंगावरून वारं गेलं’, शहरात ‘पॅरॅलिसिसचा अ‍ॅटॅक आला’. नीट पाहिलं तर या सगळ्या नावांत हात आहे, पाय आहे, अंग आहे, वारं आहे; डोकं मात्र कुठंच नाही. आयुर्वेदानं पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली, तिथूनच ते वारं आपल्या बोलण्यात आलं असणार. जुन्या माणसांना जे डोळ्यांना दिसलं ते त्यांनी शब्दांत धरलं, त्याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण शब्द नुसतं नाव देऊन थांबत नाही. पुढं काय करायचं तेही तो हळूच सुचवतो. वारं अंगावरून गेलं म्हटलं, की अंगाला कोमट तेल चोळायचं, शेक द्यायचा, खिडक्या लावून घ्यायच्या आणि माणसाला पांघरूण घालून निजवायचं. बिघाड झालेला असतो मेंदूत, आणि सगळं घर राबत असतं हातापायांपाशी.

मी डॉक्टर नव्हे. उमेदीची सगळी वर्षं बँकेत गेली आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात. पण निवृत्तिवेतनाची खाती असलेल्या शाखेत ज्यानं काम केलं आहे, त्याला पक्षाघाताची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. नोव्हेंबर उजाडला की पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी येऊ लागतात. गेल्या वर्षीपर्यंत टपोऱ्या अक्षरात सही करणारे एखादे मुख्याध्यापक या वर्षी मुलाच्या खांद्याला धरून येतात, पेन डाव्या हातात घेतात, आणि नमुना सहीशी काही केल्या जुळणार नाही अशी एक वेडीवाकडी रेघ ओढतात. सही जमेना तर अंगठा. हाताचा अंगठाही उमटण्यासारखा नसेल तर पायाचा. आणि त्या ठशाला दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा अधिकारी. ज्यांना येणंच शक्य नाही त्यांच्या घरी कागद घेऊन जावं लागे. असा मी बऱ्याच घरांत गेलो आहे.

अशा घरात चहा होतो, आणि चहाबरोबर ‘हे कसं झालं’ तेही निघतं. मला लिहिण्याची सवय असल्यामुळे असेल, पण त्या हकिगती माझ्या डोक्यात राहिल्या. घरं वेगळी, माणसं वेगळी, आणि गोष्ट जवळजवळ एकच. रात्री जेवताना घास हातातून सांडला. बोलणं जरा जड वाटलं. चप्पल पायातून निसटली ती कळलीच नाही. ‘म्हटलं दगदग झाली असेल.’ ‘म्हटलं पित्त असेल.’ ‘म्हटलं झोप लागली आहे तर कशाला उठवा, सकाळी बघू.’ या गोष्टींत कुणीही बेफिकीर नव्हतं. उलट, माणसाला त्रास होऊ नये म्हणूनच त्याला झोपू दिलेलं होतं.

एका घरात मात्र वेगळं वाक्य ऐकलं. सासरे खाटेवर, मुलगा कागद शोधायला आतल्या खोलीत गेलेला. सून चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, “मला संध्याकाळीच त्यांचं तोंड वाकडं दिसलं होतं, साहेब. पण हे कामावर, मोठे दीर पुण्याला. मी एकटी कशी म्हणणार, दवाखान्यात चला म्हणून?”

मला वाटतं, आपल्याकडच्या या आजाराची निम्मी गोष्ट त्या एका वाक्यात आहे. लक्षणं दिसत नाहीत असं नाही. ज्याला ती दिसतात त्याला ‘चला’ म्हणण्याचा अधिकार नसतो, आणि ज्याला अधिकार असतो तो तिथं नसतो.

हृदयविकाराच्या झटक्याला आपण घाबरतो, कारण तो दुखतो. माणूस छाती धरून कळवळतो, घामानं डबडबतो, आणि घरच्यांना कुणी काही सांगावं लागत नाही. मेंदूचं तसं नाही. सगळ्या शरीराच्या वेदना ज्याला कळतात त्या मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. काही रक्तस्रावांत डोकं फुटेल असं दुखतं खरं, पण रक्तवाहिनी तुंबून होणारा झटका बहुधा गुपचूप येतो. आणि पाचातले साधारण चार झटके याच जातीचे असतात. उरलेल्यात रक्तवाहिनी फुटते. माणूस ओरडत नाही, म्हणून घर धावत नाही.

त्यात आणखी एक गंमत, म्हणजे क्रूर गंमत आहे. आपल्याला काहीतरी झालं आहे हे ओळखायचं काम ज्या मेंदूचं, तोच जखमी झालेला असतो. विशेषतः मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली तर डावा हात लुळा पडलेला असूनही माणूस ठामपणे सांगतो, ‘मला काही झालेलं नाही.’ बाबिन्स्की या फ्रेंच मेंदूतज्ज्ञानं १९१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नावच दिलं. तेव्हा अशा वेळी वडील किंवा आई ‘अरे, काही नाही, उगाच गडबड करू नका’ म्हणाली तर तो त्यांचा निकोप निर्णय आहे असं समजू नये. कदाचित तोही आजारच बोलत असतो.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. मेंदूचं वजन शरीराच्या अवघं दोन टक्के, पण शरीरात येणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि साठा म्हणून काही शिल्लक ठेवत नाही. एखाद्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पलीकडचा भाग उपाशी पडतो. मधला गाभा काही मिनिटांत मरतो. पण त्याच्या भोवतीचा भाग लगेच मरत नाही. आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून येणाऱ्या थोड्याशा रक्तावर तो निपचित, पण जिवंत राहतो. ग्रहणाच्या वेळी पूर्ण काळोखाभोवती जी फिकट छाया असते तिचंच नाव शास्त्रज्ञांनी या भागाला दिलं आहे: उपच्छाया. उपचार जो करायचा तो हा भाग वाचवण्यासाठी. जेफ्री सेव्हर या अमेरिकी डॉक्टरांनी २००६ मध्ये हिशेब मांडून दाखवला, की अशा मोठ्या झटक्यात सरासरी दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. मिनिटाला १९ लाख. बँकेत इतक्या वेगानं कुठल्या खात्यातून पैसे जात असते तर आम्ही ‘सकाळी बघू’ म्हटलं असतं का?

आता ओळखायचं कसं ते पाहू. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथं रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांसाठी एक साधी चाचणी तयार झाली. चेहरा, हात आणि वाणी, एवढ्या तीनच गोष्टी पाहायच्या. घरच्या घरी आपण ती अशी लक्षात ठेवू: हसा, हात, बोला.

हसा: समोरच्याला दात दाखवून हसायला सांगा. तोंडाची एक बाजू वर जात नसेल, ओठाचा कोपरा ओघळलेला असेल, तर ती पहिली खूण.

हात: डोळे मिटून दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा आणि सावकाश दहापर्यंत मोजा. एक हात उचलतच नसेल, किंवा आपोआप खाली येत असेल, तर ती दुसरी.

बोला: एक साधं वाक्य म्हणायला सांगा. ‘आज रविवार आहे, मी घरी आहे.’ जीभ जड झाली आहे का, शब्द भलतेच येत आहेत का, सांगितलेलं कळतच नाही असं दिसतं का, ते पाहा.

तिन्हींपैकी एक खूण नव्यानं दिसली तरी पुरे. तिन्ही जमण्याची वाट पाहायची नाही. याशिवाय एका डोळ्यानं किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, तोल जाणं, चालताना एका बाजूला कलणं, कधी नव्हे इतकी जबरदस्त डोकेदुखी, एका बाजूला बधिरपणा, याही खुणा आहेत. या सगळ्यांना जोडणारा शब्द एकच: अचानक. गुडघा वर्षभर दुखतोय तो स्ट्रोक नव्हे. पण दहा मिनिटांपूर्वी पेपर वाचत असलेला माणूस आता चष्मा नाकावर नीट चढवू शकत नाही, हे अचानक आहे. नुसतं तोंड वाकडं होण्याचा एक वेगळा, कमी धोक्याचा आजारही असतो हे खरं. तो कोणता, हे ठरवण्याचं काम मात्र दवाखान्यातलं, माजघरातलं नव्हे.

अधिकाराचा प्रश्न मी काढला, तो फक्त आपल्या सुनांपुरता नाही. त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण इतिहासात आहे. १ मार्च १९५३. मॉस्कोजवळच्या बंगल्यात स्टालिन दुपार झाली तरी खोलीबाहेर आले नाहीत. बाहेर पहारेकरी उभे. पण बोलावल्याशिवाय आत जायची कुणाची छाती नव्हती. संध्याकाळी आत दिवा लागलेला दिसला, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुन्हा सगळं शांत. रात्री उशिरा टपाल देण्याच्या निमित्तानं एक जण आत गेला, तर ते जमिनीवर पडलेले, वाचा गेलेली. मग वरिष्ठांना फोन, वरिष्ठांची टाळाटाळ. डॉक्टर पोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. देशातले कित्येक नामवंत डॉक्टर तर कटाच्या आरोपाखाली तुरुंगातच होते. ५ मार्चला स्टालिन गेले. त्या काळी मेंदूतल्या रक्तस्रावावर फारसं काही करता आलं नसतं, हे मान्य. पण अर्ध्या जगाला धाक असलेला माणूस तासन्‌तास जमिनीवर पडून राहिला, याचं कारण औषधांचा अभाव नव्हतं. दाराबाहेर उभ्या असलेल्यांपैकी कुणालाही विचारल्याशिवाय दार उघडण्याचा अधिकार नव्हता.

आमच्या बँकेत याच्या उलट एक सोय असते. काउंटरखाली धोक्याच्या घंटेचं बटण असतं. ते कुणी दाबायचं? मॅनेजरनं? नाही. ज्याला संशय येईल त्यानं. नव्यानं लागलेल्या कारकुनानं दाबलं तरी चालतं, आणि आधी कुणाची परवानगी घ्यायची नसते. घंटा उगाच वाजली असं नंतर ठरलं तरी त्याला कुणी रागवायचं नाही, कारण एकदा रागावलं की पुढच्या वेळी, खऱ्या वेळी, त्याचा हात अडखळणार. घराला असं बटण हवं. म्हणजे यंत्र नव्हे. घरातल्या प्रत्येकाला, अगदी शाळकरी नातीला आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनासुद्धा, आधीच सांगून ठेवलेलं हवं, की अशी खूण दिसली तर कुणाला न विचारता १०८ ला फोन करायचा. मुलाला पुण्याला आणि मुलीला अमेरिकेला कळवायचं ते रुग्णवाहिका निघाल्यावर.

एके काळी ही घाई करून फारसा फायदा नव्हता, हेही सांगायला हवं. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीनं घाई केली नाही, कारण तेव्हा डॉक्टरही ‘आता काळजी घ्या’ म्हणण्यापलीकडे फार काही करू शकत नव्हते. गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कळत नाही, आणि दोघांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमधल्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं पहिल्यांदा जिवंत रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला, तेव्हा कवटी न उघडता आत पाहता येऊ लागलं. त्यानंतर चोवीस वर्षांनी, डिसेंबर १९९५ मध्ये, अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं, तर तीन महिन्यांनंतर जवळजवळ अपंगत्वाशिवाय हिंडू-फिरू शकणाऱ्यांचं प्रमाण निदान तीस टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेता येते हे सिद्ध झालं. २०१५ मध्ये एकामागून एक पाच चाचण्यांनी दाखवून दिलं, की मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी घालून ओढून काढता येते आणि त्यानं माणूस सावरतो. २०१८ मध्ये तर निवडक रुग्णांत हे चोवीस तासांपर्यंत करता येतं असंही दिसलं.

ही मोठी मुदत वाचून कुणी निवांत होऊ नये. साडेचार तास ही शेवटची गाडी आहे, पहिली नव्हे. पहिल्या तासात मिळालेलं इंजेक्शन आणि चौथ्या तासात मिळालेलं इंजेक्शन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिवाय हे साडेचार तास दवाखान्याच्या दारात पोचल्यापासून मोजत नाहीत. त्यातच तपासणी आली, स्कॅन आला, रक्ताची चाचणी आली.

मग ते मोजतात कुठून? इथं डॉक्टर एक प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर फक्त घरच्यांकडे असतं: “हे शेवटचे अगदी ठीक कधी होते?” लक्षण कधी दिसलं हे नव्हे; ठीक असलेले शेवटचे कधी पाहिले हे. जन्मभर व्हाउचरवर वेळ आणि तारीख पाहत आलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न फार पटतो. सून म्हणाली, ‘सहाला चहा दिला तेव्हा व्यवस्थित बोलले, सात वाजता वाकडं तोंड दिसलं,’ तर घड्याळ सहापासून सुरू. रात्री दहाला झोपले आणि पहाटे पाचला उठवताना हात लुळा दिसला, तर घड्याळ दहापासून. पाचांतला साधारण एक झटका असा झोपेतून उठताना लक्षात येतो. अशा वेळी ‘आता उशीर झालाच आहे’ म्हणून हातपाय गाळू नयेत. विशेष प्रकारच्या स्कॅनवरून वाचण्याजोगा भाग उरला आहे का हे आता पाहता येतं. वेळ कागदावर लिहून घ्यावी, आणि ज्यानं पाहिलं त्यानंच रुग्णाबरोबर जावं. पुष्कळदा होतं असं, की पाहिलेलं असतं सुनेनं आणि रुग्णवाहिकेत बसतात शेजारचे काका.

दरम्यान काय करू नये, ही यादी जास्त महत्त्वाची. पाणी, चहा, मध, काहीही तोंडात घालू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते आणि घोट श्वासनलिकेत जातो. अ‍ॅस्पिरिनची गोळी देऊ नये. हृदयाच्या झटक्यात ती कामाची असली तरी इथं आत रक्तस्राव असेल तर तीच घात करील. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून तो उतरवण्याची गोळी आपल्या मनानं देऊ नये. उपाशी पडलेल्या भागाला जे थोडं रक्त पोचत असतं तेही त्यानं तुटू शकतं. तेल चोळू नये. सुईनं बोटं टोचून रक्त काढा, असं सांगणारा निरोप मोबाईलवर फिरत असतो, त्याच्या नादी लागू नये. कबुतराचं रक्त चोळायला सांगणारे भेटतात, त्यांच्याही नाही. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवावं, कवळी काढावी, गळ्याशी घट्ट असलेलं सैल करावं. मधुमेही माणसाची साखर एकदम उतरली तरी हुबेहूब अशीच लक्षणं दिसू शकतात, म्हणून घरात यंत्र असेल तर साखर पाहावी आणि आकडा डॉक्टरांना सांगावा. पण त्यासाठी निघणं थांबवू नये.

आणि जायचं कुठं? कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नव्हे. फॅमिली डॉक्टरांविषयी पूर्ण आदर ठेवून हे लिहितो. ते स्वतःही हेच सांगतील. जिथं रात्री-अपरात्री सीटी स्कॅन चालू असतो आणि गुठळीचं इंजेक्शन दिलं जातं, तिथंच थेट जायचं. असं रुग्णालय आपल्या घरापासून कोणतं, हे झटका आल्यावर शोधायचं नसतं. एखाद्या मोकळ्या दिवशी जाऊन किंवा फोन करून दोनच प्रश्न विचारावेत: रात्री दोन वाजता सीटी होतो का? इंजेक्शन तुमच्याकडे देतात का? उत्तर मिळालं की नाव आणि नंबर स्वयंपाकघरात, फ्रिजवर किंवा कॅलेंडरशेजारी चिकटवून ठेवावा. त्याच कागदावर घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांची नावं लिहावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक अक्षरात, कारण तिच्यावर पुढचा सगळा निर्णय फिरतो.

बँकवाला म्हणून दोन शब्द पैशांबद्दल. वडिलांचं खातं एकट्याच्या नावावर, ठेवीच्या पावत्या कपाटात, कपाटाची किल्ली कुठं ते फक्त त्यांना ठाऊक, आणि त्यांची वाचा गेलेली, ही स्थिती मी टेबलाच्या अलीकडून अनेकदा पाहिली आहे. सही जुळत नाही, घरच्यांच्या हाती पैसे येत नाहीत. खात्यावर दुसरं नाव घालून ‘दोघांपैकी कुणीही एक किंवा हयात असेल तो’ अशी सूचना देणं हे एका फॉर्मचं काम आहे. नुसत्या वारसाच्या नोंदीवर विसंबू नये. वारसाची नोंद माणूस गेल्यावर उपयोगी पडते, तो आजारी असताना नव्हे. विम्याचं कार्ड कुठं आहे ते किमान दोघांना माहीत असावं. दवाखान्यात आणखी एका गोष्टीची तयारी हवी. इंजेक्शनपूर्वी डॉक्टर धोका सांगतात. १९९५ च्या त्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या शंभरातल्या सुमारे सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता, आणि तरीही एकूण फायदा तोट्यापेक्षा जास्त होता. हा आकडा अपरात्री पहिल्यांदा कानावर पडला की घर गोंधळतं, फोनाफोनी सुरू होते. आज शांतपणे वाचून ठेवलेला असला तर तेव्हा ‘हो’ म्हणायला, किंवा विचारपूर्वक ‘नाही’ म्हणायला, पाच मिनिटं पुरतात.

खेड्यापाड्यांतल्या वाचकांच्या मनात आलं असेल, की हे सगळं शहरांपुरतं. अडचण खरी आहे. आडगावातून स्कॅन असलेल्या जागी पोचण्यातच वेळ जातो. पण रस्ता लांब असला की लवकर निघण्याची गरज वाढते. आणि प्रत्येक ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञ हवाच असंही नाही. हिमाचल प्रदेशासारख्या डोंगराळ राज्यात २०१४ पासून सरकारी रुग्णालयांतल्या साध्या फिजिशियन मंडळींनी दूरच्या तज्ज्ञाला फोनवरून स्कॅन दाखवून, त्याच्या सल्ल्यानं ही इंजेक्शनं दिली. जिथं सीटीचं यंत्र आहे तिथं हे होऊ शकतं. आपल्या जिल्ह्यात होतं का, हे विचारण्याचा हक्क ग्रामपंचायतीपासून आमदारापर्यंत सगळ्यांपाशी बजावला पाहिजे.

एक गोष्ट फार फसवी. कधी कधी लक्षणं येतात आणि दहा-पंधरा मिनिटांत जातात. हात पुन्हा चालू लागतो, बोलणं पूर्ववत. घर म्हणतं, ‘सुटलो.’ सुटलेलं काही नसतं. तो इशारा असतो. गुठळी अडकली आणि नशिबानं विरघळली, पण ती तयार करणारं कारण जागेवरच आहे, आणि पुढचे काही दिवस सर्वांत धोक्याचे. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की असा छोटा झटका येऊन गेल्यावर लगेच तपासणी आणि औषधं सुरू केली तर पुढच्या तीन महिन्यांतल्या मोठ्या झटक्याचं प्रमाण शंभरात दहावरून दोनवर येतं. इतका स्वस्त सौदा वैद्यकात क्वचित मिळतो. म्हणून ‘येऊन गेलं’ तरी त्याच दिवशी दवाखाना.

आणि मुळात येऊच नये म्हणून? १२ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्यांचा रक्तदाब फार वाढलेला आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण तो खात्रीनं उतरवणारं औषध तेव्हा नव्हतं. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला जी गोळी मिळाली नाही ती आज आपल्या गल्लीतल्या दुकानात मिळते, आणि आपण ती ‘आता बरं वाटतंय’ म्हणून महिन्याभरात बंद करतो. भारतासह ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा कारणांनी नव्वद टक्के झटक्यांचा हिशेब लागला, आणि त्यांत पहिला क्रमांक रक्तदाबाचा होता. तंबाखू, मधुमेह, वाढलेली चरबी, बसून राहणं, दारू, हृदयाचे अनियमित ठोके ही पुढची मंडळी. रक्तदाब दुखत नाही. तो मोजावाच लागतो. पासबुक भरून घ्यायला जितक्या नेमानं येत होता तितक्याच नेमानं मोजा, एवढंच माझ्या जुन्या खातेदारांना सांगेन.

झटका येऊन गेल्यावरही माणूस संपत नाही. लुई पाश्चर यांना १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, डाव्या अंगाचा पक्षाघात झाला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची त्यांची लस त्यानंतरची, १८८५ ची. स्वीडिश कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये झटका आला. वाचा जवळजवळ गेली, उजवा हात गेला. ते डाव्या हातानं पियानो वाजवत राहिले, कविता लिहीत राहिले, आणि २०११ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांचं म्हणणं इतरांपर्यंत पोचवायला पत्नी मोनिका शेजारी असत. मी लिहिणारा माणूस आहे. शब्द हरवणं म्हणजे काय याची कल्पनाही मला सोसत नाही. पण व्यायाम, वाचोपचार आणि घरच्यांचा धीर यांनी बरंच काही परत मिळवता येतं, हेही मी त्या नोव्हेंबरच्या रांगेत पाहिलं आहे. डाव्या हातानं सहीचा सराव करून पुढच्या वर्षी नवी नमुना सही द्यायला आलेल्या एक बाई होत्या. ‘आता हीच माझी,’ असं म्हणून त्यांनी ती कार्डावर ठसठशीत केली.

पंचविशीच्या पुढच्या चार माणसांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हा झटका येतो, असा जगाचा अंदाज आहे. म्हणजे बहुतेक प्रत्येक घराला त्याची गाठ पडणार. आज रविवार. दुपारी सगळी मंडळी एकत्र जेवायला बसतील. तेव्हा घरातल्या कर्त्या माणसानं एवढंच सांगून टाकावं: “माझं तोंड वाकडं दिसलं, हात खाली पडला, जीभ अडखळली, तर मला विचारू नका. मी नको म्हणालो तरी ऐकू नका. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं १०८ लावायचा आणि ‘चला’ म्हणायचं.” हे सांगताना सुनेकडे बघून सांगावं, आणि नातवंडांना एकदा हसा-हात-बोलाचा खेळ करून दाखवावा. घंटा खोटी ठरली तर दवाखान्यातून परत यायचं, तिनं केलेला चहा प्यायचा, आणि तिला म्हणायचं, “बरं केलंस.”